महागुरूंस पत्र

महागुरूंस पत्र कसे लिहावे, हे आम्हांस कोणी शिकविले नव्हते. गुडघे कसे टेकावे, पापनिवेदन कसे करावे, हे बालपणीच अंगवळणी पडले. परंतु देवळाच्या सभागृहासाठी दिलेल्या वर्गणीचा हिशेब मागावयाचा झाल्यास मायना काय घालावा, हे धर्मशिक्षणाच्या वर्गात कधी आले नाही.

वसईकडील आमच्या धर्मग्रामात हा प्रसंग आला, तेव्हा आम्ही चौघे ओटीवर बसून मसुदा करू लागलो. पहिला इतका तिखट उतरला की तो आम्हीच फाडला. दुसऱ्यात नम्रता एवढी ओसंडली की विचारावयाचे काय होते तेच सापडेना! आमच्यातील एक वृद्ध म्हणाले, "अरे, मेंढरांनी मेंढपाळाला हिशेब पुसायचा का?"

नवल असे की, त्यांच्या प्रश्नाचे उत्तर चर्चच्याच कायद्यात आहे. १९८३ च्या धर्मसंहितेचे २१२ वे कलम म्हणते की, आपल्या ज्ञानानुरूप चर्चच्या हिताविषयीचे मत धर्मपालांस कळविणे हा श्रद्धावंतांचा हक्क, नव्हे, प्रसंगी कर्तव्यही आहे. मात्र त्यांच्याविषयीचा आदर राखून. भाविकांनी अर्पिलेल्या द्रव्याचा हिशेब भाविकांस द्यावा, असे १२८७ वे कलम सांगते. वृद्धांस कलमे पटेनात, म्हणून आम्ही न्यूमनसाहेबांची कथा सांगितली. चौथ्या शतकात एरियसच्या वादात कित्येक बिशप डळमळले असता सामान्य भाविकांनीच श्रद्धा राखली, असे त्यांनी १८५९ साली 'रॅम्बलर' मासिकात लिहिले. पुढे १८७९ साली ते कार्डिनल झाले आणि २०१९ साली संत. लेख निघताच एका बिशपांनी त्यांची तक्रार थेट रोमला केली होती, हे मात्र आम्ही वृद्धांस सांगितले नाही.

खरे पाहता आम्हांस शिक्षेचे भय नव्हतेच. ज्यांनी आमच्या मुलांस बाप्तिस्मा दिला, ज्यांनी भर पावसात येऊन आमच्या मातोश्रींस अंत्यसंस्कार दिला, त्याच फादरांच्या कारभाराविषयी त्यांच्या वरिष्ठांस लिहावयाचे होते. हिशेब मागणे म्हणजे चोर म्हणणे नव्हे, हे आम्हांस ठाऊक होते. त्यांस तसे वाटेल काय, हे ठाऊक नव्हते. अखेर तिसऱ्या मसुद्यात सहाच ओळी ठेविल्या, त्याची एक प्रत प्रथम फादरांकडेच द्यावी असे ठरविले, आणि चौघांनी सह्या केल्या. वृद्धांनी सर्वांत शेवटी, पण ठळक केली.

रविवारी मिस्सानंतर आम्ही ती प्रत घेऊन गेलो. फादरांनी पाकीट हाती घेतले आणि ते उघडण्यापूर्वी विचारले, "आईची तब्येत कशी आहे आता?"