पैशापलीकडची मदत

मागच्या दिवाळीच्या सुमारास माझा एक जुना विद्यार्थी देवळीहून घरी आला. त्याच्या नऊ वर्षांच्या मुलाला रक्ताचा कॅन्सर निघाला होता. मी चार जणांना फोन केले, आठवडाभरात बऱ्यापैकी रक्कम जमवली आणि खरं सांगतो, मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटून घेतली. पैसे हातात ठेवले तर तो म्हणाला, "सर, पैशाचं होऊन जाईन जी, पन मुंबईत राहाचं कुठी?"

मला उत्तर देता आलं नाही. मुलांच्या या आजाराचा उपचार दोन-तीन वर्षं चालतो. इतके दिवस कोण कोणाकडे राहणार?

चौकशी केली तेव्हा कळलं, टाटा हॉस्पिटलच्या रुग्णांसाठी दादरला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे. परळला नाना पालकर स्मृती समितीही १९६८ पासून हेच काम करते. त्याची सोय दादरला झाली. गाडगेबाबा आपल्या अमरावती जिल्ह्यातले. १९५६ साली ते गेले. स्वतःसाठी घर न बांधणाऱ्या त्या माणसाच्या नावाचं छप्पर आज आमच्या पोराच्या डोक्यावर आहे. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपरचं भाडं माफ असतं, हेही मला तेव्हाच समजलं.

पण खरी चपराक त्याआधीच बसली होती. मुंबईला निघण्यापूर्वी पोराला इथेच प्लेटलेट्स लागल्या. त्या पाच दिवसांपेक्षा जास्त टिकत नाहीत, त्यामुळे भरपूर साठा करून ठेवता येत नाही. कोणीतरी तास-दीड तास सुई लावून बसावंच लागतं. मी रक्तपेढीत गेलो. तिथल्या मुलाने वय विचारलं. म्हटलं, ७४. तो हसून म्हणाला, "काका, साठीपर्यंतच चालतं."

वाचकहो, मी वर्गात रक्तदानावर कितीतरी निबंध लिहून घेतले. चांगल्या निबंधाला दहापैकी आठ गुणही दिले. स्वतः मात्र एकदाही हात पुढे केला नाही. आता इच्छा आहे, तर वय नाही.

म्हणून एक वही केली आहे. जुन्या विद्यार्थ्यांची नावं, रक्तगट, फोन नंबर. अगदी हजेरीपटासारखी आखली आहे. आतापर्यंत २३ नावं झाली. तुम्ही साठीच्या आत असाल, तर तुमच्या गावात अशी वही कोणाकडे आहे का, ते विचारून बघा. नसेल तर पहिलं नाव तुमचंच लिहा.