दहा प्लॉटांची सरासरी

सांख्यिकी शिकवताना मला जास्त काळजी वाटते ती उदाहरणं पटापट सोडवणाऱ्या मुलांची. ज्यांना जमत नाही ती निदान अडतात, विचारतात. ज्यांना जमतं ती एच नॉट म्हणजे तपासायची परिकल्पना लिहितात, एच वन म्हणजे तिचा पर्याय लिहितात, सूत्रात आकडे घालतात, टेबल उघडतात आणि शेवटची ओळ लिहून वही मिटतात: ‘कॅल्क्युलेटेड व्हॅल्यू टेबल व्हॅल्यूपेक्षा कमी, म्हणून एच नॉट अ‍ॅक्सेप्टेड.’ उत्तर पुस्तकाच्या मागच्या पानाशी जुळतं. पुस्तकातल्या उदाहरणातले बल्ब कोणाचे होते, ते किती तास चालले हे कोणी मोजलं, यातलं काहीच कुणाच्या मनात येत नाही. पुस्तकानं तरी ते कुठे सांगितलेलं असतं?

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात शिकवते. मुलं आसपासच्या खेड्यांतून एसटीनं येतात. बहुतेकांच्या घरी सोयाबीन, थोडी तूर. या मुलांना बल्बांच्या आयुष्याचं काय? म्हणून मी सरावाची उदाहरणं त्यांच्या जन्मकथेसकट सांगायला लागले.

सुरुवात पॉयसन वितरणापासून झाली. पुस्तकात एक कोष्टक असतं: शून्य १०९ वेळा, एक ६५ वेळा, दोन २२, तीन ३ आणि चार १ वेळा. वितरण बसवा. मुलांनी सरासरी ०.६१ काढली, अपेक्षित आकडे आले १०८.७, ६६.३, २०.२, ४.१ आणि ०.६. वर्गातल्या सगळ्यांचं उत्तर बरोबर. मग मी सांगितलं, ही प्रशियाच्या सैन्यात घोड्याची लाथ लागून मेलेली माणसं आहेत. सैन्याच्या १० मोठ्या तुकड्या, म्हणजे कोअर, १८७५ ते १८९४ ही २० वर्षं, म्हणजे २०० नोंदी, आणि एकूण १२२ मृत्यू. संख्याशास्त्रज्ञ बोर्टकिविच यांनी १८९८ साली आपल्या छोट्या पुस्तकात ते मांडले.

मग फळ्यावर प्रश्न लिहिला: ज्या कोअरमध्ये एका वर्षात चार माणसं गेली, तिथल्या अधिकाऱ्याला हलगर्जीपणाबद्दल जाब विचारायचा का?

‘विचारायचाच,’ असा एका सुरात गलका झाला. मी म्हटलं, आधी हिशेब करा. एखाद्या कोअरमध्ये वर्षभरात चार किंवा जास्त मृत्यू होण्याची संभाव्यता साधारण ०.००३६ येते. म्हणजे पावणेतीनशेत एक. पाच टक्क्यांच्या पातळीवर तर तो अधिकारी सरळ दोषी! पण नोंदी आहेत २००. सगळीकडे सारखीच खबरदारी असली, तरी त्या दोनशेत कुठे ना कुठे असं एक वर्ष येण्याची शक्यता जवळजवळ निम्मी आहे. आपण आधी सगळ्यांत वाईट नोंद शोधली आणि मग तिचीच चाचणी घेतली. सार्थकता चाचणीचा हा गैरवापर मला फार खटकतो, कारण त्यात गणित कुठेच चुकलेलं नसतं आणि तरी एखादा निर्दोष माणूस त्यात सापडतो.

टी चाचणीला आलो तेव्हा एका मुलीनं स्वतःचंच उदाहरण आणलं. तिच्या गावात पीक कापणी प्रयोग झाला होता. ‘मॅडम, दोरी लावून एवढासा तुकडा कापला, काट्यावर तोलला आन् लिहून नेला. आख्ख्या मंडळात असे दहाच असतात म्हणे. त्यावरनं सगळ्यांचा विमा?’

प्रश्न खरा होता. पीक विम्यात उत्पन्नावरची भरपाई ठरवताना प्रत्येकाच्या शेतातलं नुकसान मोजत नाहीत. महसूल मंडळाचं सरासरी उत्पन्न मोजतात. मागच्या सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांची सरासरी घेऊन, तिला जोखीमस्तराने, म्हणजे संरक्षणाच्या ठरलेल्या टक्क्यांनी, गुणून उंबरठा उत्पन्न ठरतं. यंदाची सरासरी त्याहून जितके टक्के कमी, तितके टक्के भरपाई. प्लॉट कुठे पडायचा ते यदृच्छ आकड्यांनी ठरतं, आधी गट नंबर आणि मग त्या शेतातली जागा, म्हणजे चांगलं किंवा वाईट पीक बघून कोणी प्लॉट निवडू नये.

मी दहा प्लॉटांचं उदाहरण रचलं. आकडे बनवलेले, पण त्यांच्या ओळखीचे. उंबरठा हेक्टरी १२ क्विंटल. प्लॉटांचं उत्पन्न ८, १४, १०, १२, ७, १३, ११, ९, १५, ९. सरासरी १०.८, म्हणजे उंबरठ्याहून १० टक्के कमी. प्रमाण विचलन २.६६. एच नॉट: मंडळाचं खरं उत्पन्न १२ आहे, नुकसान नाही. टी आला उणे १.४३. नऊ स्वातंत्र्यमात्रांना, एकाच बाजूच्या चाचणीत, पाच टक्क्यांचं टेबल सांगतं १.८३.

‘एच नॉट अ‍ॅक्सेप्टेड,’ पहिल्या बाकावरून आवाज आला. ‘नुकसान नाही.’

त्या मुलीचा चेहरा मला दिसत होता. सात क्विंटलवाला तो प्लॉट तिच्या घरचा असल्यासारखी ती आकड्यांकडे बघत होती.

मी म्हटलं, आता एच नॉट बदलू. समजा, शेतकरीच चाचणी मांडतो आहे. त्याचं म्हणणं: मंडळात किमान २० टक्के नुकसान आहे, खरं उत्पन्न ९.६ किंवा त्याहूनही कमी. हे खोटं ठरवून दाखवा. आकडे तेच, प्लॉट तेच. मुलांनी परत मांडणी केली. १०.८ वजा ९.६, भागिले ०.८४. टी आला अधिक १.४३. टेबल पुन्हा १.८३. शेतकऱ्याचं म्हणणंही नाकारता येत नाही.

वर्ग गप्प झाला. नंतर सगळे एकदमच बोलायला लागले. तेच दहा आकडे ‘नुकसान नाही’ हे नाकारू शकत नाहीत आणि ‘वीस टक्के नुकसान आहे’ हेही नाकारू शकत नाहीत! मग खरं काय? खरं इतकंच, की दहा प्लॉटांत हा फरक ओळखण्याची ताकद नाही. ‘अ‍ॅक्सेप्टेड’ हा शब्द त्या दिवशी मी वर्गातून काढून टाकला. ‘नाकारायला पुरेसा पुरावा नाही’ असं लांबलचक वाक्य पूर्ण लिहायचं, हात दुखला तरी. आणि एच नॉटच्या जागी कोणाचं म्हणणं बसवायचं, हे सूत्र सांगत नाही. पुरावा देण्याचं ओझं कोणावर टाकायचं, हे माणसं ठरवतात. विम्याचा नियम तर चाचणी लावतच नाही. तो सरासरीवर सरळ १० टक्के देऊन मोकळा होतो, आणि या बाबतीत मला तो चाचणीपेक्षा न्याय्य वाटतो. मात्र सात क्विंटलवाल्याच्या घरी त्या १० टक्क्यांनी फारसं काही भागत नाही, हेही खरं.

एका मुलानं विचारलं, प्लॉट वाढवले तर? सरासरी आणि विचलन तेच धरून ४० प्लॉटांचा टी काढला: उणे २.८५. आता ‘नुकसान नाही’ हे ठामपणे नाकारता येतं. दुसरा म्हणाला, मग प्लॉट छोटे करा आणि भरपूर घ्या, कापायला सोपं. यावर मला सुखात्म्यांबद्दल सांगायची संधी मिळाली, आणि ती मी सोडली नाही.

संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. जन्म १९११. पुण्याला फर्ग्युसनमध्ये शिकून लंडनला गेले, तिथे नेमन आणि इगॉन पिअर्सन यांच्या सहवासात संशोधन केलं. परिकल्पना तपासताना होणाऱ्या दोन प्रकारच्या चुकांचा विचार मांडला तो याच दोघांनी. परत आल्यावर सुखात्म्यांनी इंदूरचे संख्याशास्त्रज्ञ पानसे यांच्याबरोबर यदृच्छ पीक कापणीची पद्धत देशात रुजवली. बंगालमध्ये संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस अगदी छोटे प्लॉट वापरत होते. सुखात्म्यांनी १९४६ साली दाखवून दिलं की छोट्या प्लॉटात उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. दोरीवर येणारं झाड आत धरायचं की बाहेर, असा प्रसंग आला की कापणाऱ्याचा हात ते आत घेतो. प्लॉटची बाजू निम्मी केली तर क्षेत्र पाव होतं, पण परिमिती निम्मीच. म्हणजे कडेच्या झाडांचा वाटा दुप्पट. आणि प्लॉटांची संख्या वाढवून ही चूक जात नाही, कारण ती प्रत्येक प्लॉटमध्ये एकाच दिशेने होते. उत्पन्न फुगलं की भरपाई घटते, हे मुलांना समजावून सांगावं लागलं नाही.

देशाचं धान्य मोजण्यातला इतका मोठा वाद दोरीवरच्या झाडावरून झाला, आणि त्यातला एक माणूस बुधसारख्या गावातून आलेला होता, हे सांगताना मला भरून येतं. आमच्या अभ्यासक्रमात त्यांच्यावर एक ओळही नाही.

त्यानंतर प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये मी प्रत्येक चाचणीखाली दोन रकाने वाढवले. एच नॉट खरी असताना नाकारली, तर किंमत कोण मोजतो? खोटी असून नाकारली नाही, तर कोण? त्यांना परीक्षेत गुण नाहीत. सुरुवातीला कुरकुर झाली. आता मुलं त्यावरच जास्त वेळ घालवतात. पीक कापणीच्या उदाहरणात पहिल्या रकान्यात विमा कंपनी आणि सरकार आलं, दुसऱ्यात शेतकरी. परवा नव्या औषधाच्या चाचणीचं उदाहरण होतं, तेव्हा एका मुलानं दोन्ही रकान्यांत ‘रुग्ण’ लिहिलं: एकदा निरुपयोगी औषध घेणारा, एकदा चांगल्या औषधाला मुकणारा. बरोबरच आहे ते. मग सार्थकता पातळी पाच टक्के ठेवायची, की एक, की दहा, यावर वर्ग अडून बसला. तास संपला तरी वाद मिटला नाही. उंबरठ्याहून १० टक्क्यांची घट दहापैकी आठ वेळा तरी पकडायची, तर मंडळात किती प्लॉट लागतील, हा पुढचा प्रश्न मी फळ्यावर लिहून ठेवला आहे. उत्तर तिसाच्या थोडं वर येतं. ते प्लॉट कापायला माणसं आणि पैसा कुठून आणायचा, हेही मुलांनी त्याखाली मांडायचं आहे.