लाल मिरची आणि सोनेरी घड्याळ

मुंबईहून नंदुरबारला जायचे म्हणजे आधी महाराष्ट्र सोडायचा आणि मग मागच्या दाराने पुन्हा महाराष्ट्रात शिरायचे. रात्रीची गाडी सुरतेपाशी वळण घेते, तापीच्या खोऱ्यात शिरते आणि नवापूरला येऊन उभी राहते. या स्टेशनाची गंमत अशी की, दोन राज्यांची सीमा फलाटावरूनच गेली आहे. तिथे एक बाक आहे. अर्ध्यावर बसले तर आपण महाराष्ट्रात, जरा सरकले की गुजरातेत! खरे महाराष्ट्र कुठले आणि गुजरात कुठला, हे बाकाकडे बघून कळत नाही; रंगवलेली अक्षरे वाचावी लागतात. पुढे दोन दिवस माझ्या डोक्यात हाच प्रश्न घोळणार आहे, याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

गेल्या मार्गशीर्षात मी निघालो होतो भाच्याच्या लग्नाला. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा होऊन हा जिल्हा झाला. पण आमच्या ताईच्या लेखी जग अजून ‘धुळ्याकडचे’ आणि ‘डोंगराकडचे’ एवढेच आहे. गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पसरल्या होत्या. बिघे दोन बिघे जमीन लालभडक! रिक्षातून जाताना मला सात शिंका आल्या आणि रिक्षावाला अभिमानाने म्हणाला, “आमची मिरची आहे, साहेब. नाव सांगावे लागत नाही.”

मामाचा आहेर म्हणून घड्याळ द्यायचे ठरले होते. चहाचा कप खाली ठेवतो न ठेवतो तोच भाच्याने एक हिरवी पेटी पुढे केली.

“मामा, वस्तू मी घेऊन ठेवली आहे. तुम्ही फक्त पैसे द्या.”

आत सोनेरी घड्याळ. तबकडीवर मुकुट, खाली ‘रोलेक्स’. मी मनातल्या मनात माझा प्रॉव्हिडंट फंड मोजू लागलो.

“बावीसशे रुपये,” तो हळूच म्हणाला. “कॉपी आहे. पण कोण ओळखतो? थोड्या कड्या कमी करायच्या, मागे माझे नाव कोरायचे, झाले!”

मुलगा वाईट नाही. बँकेत कारकून आहे, आईला जपतो. पण मुलीकडची माणसे शहाद्याची, ऊस-केळीची बागायत असलेली. त्यांच्यापुढे आपला हात उघडा दिसू नये, एवढीच त्याची धडपड. त्याला बोलायला माझी जीभ रेटेना. माझ्या लग्नात मी अंगात घातलेला कोट शेजाऱ्यांचा होता.

निघताना ताईने माझ्या हातात रुमालाची पुरचुंडी ठेवली. भाऊजींचे जुने एचएमटी ‘जनता’ त्यात होते. ते गेले तेव्हापासून बंद. “चालू होत असेल तर बघ,” एवढेच ती म्हणाली.

माणिक चौकात १९४२ सालच्या ९ सप्टेंबरला पंधरा वर्षांचा शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. त्यांच्या स्मारकाला हात जोडून आम्ही जवळच्या गल्लीत शिरलो. तिथे एक घड्याळजी काचेच्या पेटीमागे डोळ्याला भिंग लावून बसले होते. त्यांनी दोन्ही घड्याळे उघडून शेजारी शेजारी ठेवली.

“हे बघा,” सोनेरी घड्याळाकडे बोट करून ते भाच्याला म्हणाले, “यात सेल आहे. काटा सेकंदाला एकदा टक करून उडी मारतो. खऱ्याला सेल नसतो. त्याचा काटा एका सेकंदात आठ बारीक पावले टाकतो, सरकल्यासारखा दिसतो. नाव झाकले तरी काटा बोलतो.”

मग त्यांनी भाऊजींच्या घड्याळाचे झाकण उजेडात धरले. आतल्या बाजूला सुईने कोरलेल्या बारीक तारखा होत्या: १९७९, १९८६, १९९४. ज्याने साफ केले, त्याने नोंद केलेली. “हे अक्षर माझ्या वडिलांचे,” ते म्हणाले. “पण तबकडी मूळची नाही. पाणी गेले असणार. मुंबईहून रंगवून आणलेली आहे.”

भाच्याचा चेहरा उजळला. “म्हणजे अण्णांचेही नकलीच!”

“नाही भाऊ. तबकडी बिघडली, म्हणून रंगवली. जे नाव होते तेच पुन्हा लिहिले. पट्टा बदला, काच बदला, रंग द्या. घड्याळ तेच राहते. दुसऱ्याचे नाव लावले की मग ते कोणाचेच राहत नाही.” मग क्षणभर थांबून, “तुमच्या कड्या मी कमी करतो. नावही कोरतो. पण पुढे परक्याचे नाव आणि मागे तुमचे, हे बरे दिसेल का, ते तुम्ही ठरवा.”

भाचा बराच वेळ काही बोलला नाही. एचएमटीच्या घड्याळांचा कारखाना बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ साली घेतला. सुटे भाग आता जुन्या घड्याळांतूनच काढावे लागतात. घड्याळजींनी डब्यातून एक स्प्रिंग शोधून काढली आणि किल्ली दिली. टिकटिक सुरू झाली, तेव्हा भाच्यानेच हात पुढे केला.

दुसऱ्या दिवशी शहाद्याकडे जाताना तापीकाठी सारंगखेड्याला दत्ताच्या यात्रेसाठी घोडे उतरत होते. एक गिऱ्हाईक घोड्याचे नाव न विचारता त्याचे दात बघत होता, चाल बघत होता. याच शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार कार्ड दिले गेले. माणूस तोच आहे, हे सांगायला सरकारला बोटांचे ठसे लागतात. घोडेवाल्याला चाल पुरते.

लग्न छान झाले. नवरदेवाच्या मनगटावर ‘जनता’ होते आणि ताई मंगलाष्टकांत अक्षतांऐवजी त्याच्या हाताकडेच बघत होती. मग व्याही पुढे आले. भरदार फेटा, डोळ्यांत पाणी. त्यांनी जावयाच्या हाती एक हिरवी पेटी ठेवली. सोनेरी घड्याळ, तबकडीवर मुकुट! मांडवात कुजबुज उठली.

मी जवळच उभा होतो. काटा सेकंदाला एकदा उडी मारत होता. टक, टक.

भाच्याने ते पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. त्याने वाकून सासऱ्यांच्या पायाला हात लावला आणि म्हणाला, “दादा, आज अण्णांचे असू द्या. हे मी जपून ठेवतो.”

सासऱ्यांनी त्याला उठवून छातीशी धरले. मी मिरचीच्या नावाखाली रुमाल काढून डोळे पुसले.