बोरघाट आणि एक दिवसाची घोडेस्वारी

परदेशात बंद पडलेल्या लोहमार्गांवर घोडेस्वारांसाठी वाटा करतात. आपल्या बोरघाटात मात्र आगगाडीच्या आधी घोडाच होता! १८५८ साली खंडाळा-पुणे गाडी सुरू झाली. पण घाटात रूळ नव्हते. मुंबईचा उतारू खोपोलीस उतरे आणि तट्टावर, नाहीतर पालखीत बसून वर येई. १८६३ साली रूळ घाट चढले, तेही दमाने : खंडाळ्याखाली गाडी थांबे, इंजिन दुसऱ्या टोकाला लागे आणि मग ती उलट दिशेने पुढे निघे. १९२९ साली नव्या मार्गाने ही उलटापालट संपली.

त्या जुन्या वाटेवर घोडा दौडवावा असे हौशी मंडळींना वाटेलच. पण तिला खेटून द्रुतगती मार्ग गेला आहे, आणि तिथे जनावरांना मज्जाव! तेव्हा स्वारीसाठी मळवली-भाजे बाजूची मातीची वाट बरी. दिवाळीच्या सुमारास भातकापणी असते. घोडा शेतात घालू नका.

भाडे ठरवण्याआधी खोगीर उतरवायला सांगून पाठ पाहावी. जखम दिसली तर सरळ नाही म्हणावे. मालक रागावला तर रागावू द्या. आणि पोराला पुढ्यात घेऊन दोघांनी बसू नये. तट्टाची पाठ म्हणजे आगगाडीचा डबा नव्हे.

उन्हे चढण्याआधी स्वारी आटोपावी. दुपारी लोणावळ्याहून गाडीने कर्जतला उतरावे. परतताना बहुतेक गाड्यांना तिथे मागून ढकलणारी इंजिने जोडतात. तेवढ्यात फलाटावर गरम वडे मिळतात.