विरारच्या पुढचं 'फॉरेन'

सिंगापूर तीन दिवसांत 'करून' येणाऱ्या आपल्या पिढीला पालघर-बोईसर स्टेशनच्या पाटीपलीकडे माहीत नसतं. म्हणून एक रविवार, एक मैत्रीण आणि खच्चून भरलेली लिस्ट!

"बोईसर? ते गुजरातमध्ये येतं ना?"

हा प्रश्न माझ्या मैत्रिणीला ऑफिसात महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच. ती बोईसरहून अंधेरीला रोज अप-डाउन करते. एप्रिल 2013 मध्ये लोकल डहाणू रोडपर्यंत पोचली. तरी आपल्या मुंबईकरांच्या डोक्यातला नकाशा अजून विरारलाच संपतो. त्यापुढचं सगळं फॉरेन!

गेल्या डिसेंबरात तिने मला सरळ आव्हानच दिलं. "बँकॉकला जाऊन तीन दिवसांत अकरा ठिकाणं केलीस ना? आता माझ्याकडे एक दिवस ये. लिस्ट मी करते." लिस्ट व्हॉट्सअ‍ॅपवर आली आणि मी गारच पडले. पालघर, सातपाटी, शिरगाव, बोईसर, तारापूर, चिंचणी. सगळं एका दिवसात! खाली दोन सूचना होत्या. एक, हिल्स घालून येऊ नकोस. दोन, प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारायचा: इथलं काय तुझ्या घरी येतं?

सकाळ : पाचबत्ती आणि पापलेट

विरार सुटलं की गाडीला अचानक मोकळा श्वास मिळतो. वैतरणेच्या खाडीवरचे पूल, भातखाचरं, रांगेत उभे ताड. एसीतल्या वीकेंड ड्राइव्हला हा सीन मिळत नाही, कारण हायवे इथून बराच आत आहे.

पालघर स्टेशनवर मैत्रीण उभीच होती. बाहेर पडून आधी गरमागरम वडापाव आणि मग पाचबत्ती. हा पालघरचा हुतात्मा चौक. 'चले जाव'च्या हाकेनंतर 14 ऑगस्ट 1942 ला इथे कचेरीवर मोर्चा आला. सातपाटी, मुरबे, नांदगाव अशा आसपासच्या गावांतली माणसं त्यात होती. गोळीबार झाला आणि पाच जण गेले. दरवर्षी 14 ऑगस्टला पालघर त्यांची आठवण जागवतं. आपण दुसऱ्या दिवशीच्या लाँग वीकेंडचं बुकिंग करत असतो तेव्हा!

तिथून शेअर रिक्षा आणि थेट सातपाटी. गाव जवळ आलं हे नाकालाच आधी कळतं. बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील वाळत असतात, अंगणात जाळी पसरलेली असतात. मी रुमाल काढला तशी मैत्रीण म्हणाली, "अगं, दहा मिनिटं थांब. नाकाला सवय होते." खरंच झाली.

सातपाटी म्हणजे पापलेट. मांगेला आणि कोळी समाजाचं हे बंदर दालदा जाळ्यांनी पापलेट धरण्यासाठी नावाजलेलं. 2023 मध्ये याच रुपेरी पापलेटला महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून मान मिळाला. लॅपटॉपच्या बॅगेत पापलेट कसं नेणार, या काळजीत मी असतानाच मैत्रिणीने एका मावशींशी भाव सुरू केला. मावशींनी माझ्याकडे नीट पाहून घेतलं. "मुंबैची काय गो? तुमच्याकडं जातंच की सगळं. हितं उरतंय काय?"

विनोद म्हणून मी हसले, पण त्या हसत नव्हत्या. मोठं पापलेट आता पूर्वीसारखं मिळत नाही, हे त्यांचं म्हणणं बंदरावर कुणीही सांगेल. वाढ व्हायच्या आधीच लहान पिल्लं जाळ्यात येतात, मग मोठी होणार कुठून? वर खाडीत गाळ साचलेला, त्यामुळे बोटींना भरतीचं घड्याळ बघून ये-जा करावी लागते. राज्यमासा ठरवणं सोपं, तो समुद्रात टिकवणं कठीण. लिस्टवर पहिली टिक पडली. घरी काय येतं? पापलेट.

परतीच्या वाटेवर शिरगावचा किल्ला. छोटासा, पण बुरूज-तटासकट शाबूत म्हणावा असा. इथली स्टार अ‍ॅट्रॅक्शन म्हणजे फांद्या फुटलेला ताड! ताडाला कधी फांद्या असतात का? याला आहेत, आणि प्रत्येक फांदीला वेगळा झुबका. फोटो काढून झाले, रील झाली, पळा!

दुपार : कारखाने आणि एक नवं गाव

पालघरहून बोईसरला आम्ही मुद्दाम एसटीने गेलो. याच रस्त्यावर नवं जिल्हा मुख्यालय दिसतं. 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून वेगळा होऊन पालघर हा महाराष्ट्राचा 36वा जिल्हा झाला. मुख्यालयाच्या ऐसपैस इमारती बघून मी म्हटलं, "सही आहे गं!" मैत्रीण म्हणाली, "आहेच. आधी एका दाखल्यासाठी ठाण्याला खेटे घालावे लागायचे. डहाणू-तलासरीच्या माणसाचा अख्खा दिवस जायचा."

बोईसरला उतरलं की गर्दी, गोंगाट आणि रिक्षांचा गुंता. देशभरातून आलेली माणसं इथे आहेत, चहाच्या एका टपरीवर चार भाषा ऐकू येतात. कारण एकच: तारापूर एमआयडीसी. नाव तारापूरचं, पण ती पसरलीय बोईसरला लागून. औषधं, रसायनं, कापड, पोलाद असं बरंच काही इथे बनतं. "तुझ्या पर्समध्ये डोकेदुखीची गोळी आहे ना? तिच्यातलं काहीतरी इथून गेलेलं असू शकतं," मैत्रीण म्हणाली. मी पट्टी उलटून पाहिली. दुसरी टिक!

एमआयडीसी हा काही पिकनिक स्पॉट नाही. इथे सेल्फी पॉइंट सापडणार नाही. पण रिक्षातून एक फेरी जरूर मारा. नाल्याचं पाणी बघा, हवेतला वास घ्या. जानेवारी 2020 मध्ये इथे एका कारखान्यात स्फोट झाला आणि माणसं दगावली, तेव्हा टीव्हीवर दोन दिवस बोईसर दिसलं होतं. या सांडपाण्याविरुद्ध हरित लवादाकडे कोण गेलं, ठाऊक आहे? मच्छीमारांची, मांगेला समाजाची संघटना. 2022 मध्ये लवादाने कारखान्यांना प्रदूषणाची भरपाई भरायचा आदेश दिला. सकाळच्या मावशी आणि दुपारचा नाला यांचं नातं मला तिथे लागलं.

जेवायला आम्ही मैत्रिणीच्या आईच्या मावशीकडे गेलो. सगळे त्यांना आजीच म्हणतात. आजी मूळच्या पोफरणच्या, आता पुनर्वसनाच्या वसाहतीत राहतात. ताटात तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण आणि मी येणार म्हणून खास केलेली उकडहंडी. मातीच्या हंडीत कंद, शेंगा, वांगी एकत्र शिजवलेली, खोबऱ्या-कोथिंबिरीच्या वाटणातली. उंधियो विसरा, हे खा!

पोफरण आणि अक्करपट्टी ही समुद्रकाठची दोन गावं. तारापूर अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या आणि चौथ्या युनिटसाठी ती उठवली गेली. केंद्र त्याआधीपासून होतंच. अमेरिकेशी 1963 मध्ये करार झाला आणि 1969 च्या ऑक्टोबरात इथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या रीतसर वीज देऊ लागल्या. देशातलं हे पहिलं अणुवीज केंद्र. महाराष्ट्र आणि गुजरात दोघांना त्यातून वीज मिळाली. पुढे 2005 आणि 2006 मध्ये 540 मेगावॉटची दोन नवी युनिटं सुरू झाली. शाळेच्या पुस्तकात आपण 'तारापूर : अणुऊर्जा' अशी जोडी लावली होती, आठवतंय? त्या जोडीत पोफरण नव्हतं. पुनर्वसनाचा वाद मात्र कोर्टापर्यंत गेला.

"आजी, घर बरं आहे की हे," मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

"घर बरंच आहे गो बाय," आजी म्हणाल्या. "पण पूर्वी ओटीवर बसलं की आमची होडी दिसायची. वारा फिरला की कळायचं, आता माणसं परत येतील. इथं घड्याळ बघायला लागतं." आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी पडली.

तिसरी टिक कुठली, ते मैत्रिणीने विचारलं नाही. डोक्यावर पंखा फिरत होता.

संध्याकाळ : किल्ला, कोरीव काम आणि सूर्यास्त

तारापूर गाव म्हणजे बोईसरच्या बरोब्बर उलट. अरुंद गल्ल्या, उतरत्या छपरांची घरं, पारशांची अग्यारी आणि एकदम शांतता. इथला किल्ला पोर्तुगीजांचा. जानेवारी 1739 मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने तो जिंकला. त्या हल्ल्यात मराठ्यांचा मोठा सरदार बाजी भीवराव रेठरेकर पडला. वसई आपल्याला पाठ असते, पण वसई त्याच वर्षी मे महिन्यात पडली. त्याआधी हा काठ एकेक किल्ला करून घ्यावा लागला होता. आज किल्ला खासगी मालकीचा आहे आणि आत झाडांची वाडी आहे. त्यामुळे घुसू नका, विचारून आत जा. हो म्हणाले तर छान, नाहीतर बाहेरचा तटही बघण्यासारखा आहे.

खाडीवरचा पूल ओलांडला की चिंचणी. इथे एका घराच्या पडवीत खिडकीशी मान खाली घालून एक काका बसले होते. समोर दिवा, डोळ्याला भिंग, हातात बारीक छिन्नी. हे डायमेकर. धातूच्या ठोकळ्यावर उलटी नक्षी कोरायची, त्यावर सोन्याचा किंवा पितळेचा पातळ पत्रा ठेवून दाब द्यायचा, की नक्षी उमटते. चिंचणी-वरोर-वाणगाव पट्ट्यातल्या घराघरांत हे काम चालत आलंय. केसाएवढी रेघ चुकली तर ठोकळा वाया. "कॉम्प्युटरवर होतं की आता," मी म्हटलं. काकांनी वर न बघता उत्तर दिलं, "होतं. म्हणूनच पोरगा कंपनीत लागला." माझ्या कानातल्या झुमक्यांकडे बोट दाखवून मैत्रिणीने चौथी टिक केली.

सूर्यास्ताला चिंचणीचा किनारा गाठला. सुरूची झाडं, लांबच लांब ओली वाळू, भेळेच्या गाड्या. गोवा-बिवा नाही, पण रविवारची संध्याकाळ मस्त जाते. वाळूत बसून मैत्रिणीने मला एक गोष्ट सांगितली, जी मला कुठल्याच गाइडबुकात मिळाली नसती. गेल्या शतकात याच चिंचणीत ताम्रपट सापडले. त्यातला एक 926 सालचा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला. त्यात संजाणच्या कारभाऱ्याचं नाव आहे महंमद. संस्कृत मजकुरात त्याला 'मधुमती' केलंय! राष्ट्रकूटांनी नेमलेला हा अरब. त्याने काय केलं, तर दोन नद्यांवर लोकांसाठी फुकट नावा ठेवल्या आणि एक अन्नछत्र उघडलं. तिथे भात, कालवण आणि तूप मिळायचं.

म्हणजे हजार वर्षांपूर्वी हा काठ खराखुरा इंटरनॅशनल होता. आणि आता पुन्हा होणार आहे. किनाऱ्याने उत्तरेला गेलं की वरोर आणि पुढे वाढवण. तिथे समुद्रात भर घालून सुमारे 76 हजार कोटींचं बंदर उभं राहणार, त्याची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 ला पालघरमध्ये झाली. बुलेट ट्रेनचं एक स्टेशनही बोईसरला ठरलंय. मच्छीमारांनी बंदराला वर्षानुवर्षं विरोध केला, दुसरीकडे नोकऱ्यांची वाट बघणारी तरुण मुलंही याच गावांत आहेत.

"तुला काय वाटतं?" मी मैत्रिणीला विचारलं.

"मला दोन तास लोकलमध्ये उभं राहायचा कंटाळा आलाय, म्हणून बुलेट ट्रेन हवी. आणि आजीला जसं जावं लागलं तसं आणखी कुणाला जायला लागू नये. दोन्ही खरं वाटतं. तुम्हा लोकांना यातलं काहीच ठरवावं लागत नाही, म्हणून तर तुला बोलावलं. निदान बघून तरी जा."

तिचं बरोबर होतं. मासे, गोळ्या, वीज, झुमके... या काठाकडून मुंबई रोज घेते आणि हिशेब विचारत नाही. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत हा काठ ओळखू येणार नाही इतका बदलेल. तेव्हा बातम्यांत वाढवण, वरोर, बोईसर ही नावं वाचताना डोळ्यांसमोर चेहरे यावेत, एवढ्यासाठी तरी एक रविवार द्याच.

ट्रिप टिप्स

* कसं जाल : पश्चिम रेल्वेची डहाणू लोकल पकडा आणि पालघरला उतरा. गाड्या मोजक्या असतात, त्यामुळे परतीची वेळ आधीच बघून ठेवा. चिंचणीहून परतताना बोईसर किंवा वाणगाव स्टेशन गाठता येतं.
* कधी जाल : नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा सातपाटीला जाऊन उपयोग नाही.
* काय खाल : तांदळाची भाकरी, बोंबील आणि थंडीत कुणी उकडहंडीला बोलावलं तर नाही म्हणू नका.
* काय टाळाल : अणुवीज केंद्र पर्यटकांसाठी खुलं नाही. आसपास कॅमेरा बाहेर काढू नका.
* काय न्याल : मोठी पिशवी आणि सुट्टे पैसे. सातपाटीला भाव जरूर करा, पण फार ताणू नका. समुद्रावर जाऊन आलेल्या माणसाचे कष्ट त्या वाट्यात असतात.