'टाइम झाला'

भंडारा जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत 'टाइम' हा शब्द आज कोणालाही परका वाटत नाही. बाजाराचा टाइम, बसचा टाइम, औषधाचा टाइम; ज्याला इंग्रजीचे एक अक्षरही येत नाही, त्याच्याही बोलण्यात तो सहज येतो. 1887 मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. पुढे वरठीच्या भंडारा रोड स्थानकावरील घड्याळ, कचेरीची वेळ आणि शाळेची घंटा यांनी या शब्दाला घरोघरी नेले असावे. 1906 पासून प्रमाणवेळ लागू झाली आणि भंडाऱ्याचा सूर्य घड्याळापेक्षा सुमारे 11 मिनिटे मागे राहिला. पण त्याने कोणाचे काही अडले नाही.

अडते ते दुसरीकडे. 'वेळ' या मराठी शब्दाला दोन लिंगे आहेत. 'बाग', 'ढेकर', 'तंबाखू' यांच्या ओळीत शालेय व्याकरण त्याची नोंद करते आणि पुढे जाते. परंतु येथे लिंगभेद म्हणजे अर्थभेद आहे. 'वेळ गेला' म्हणजे काही काळ खर्ची पडला; 'वेळ गेली' म्हणजे संधी हुकली. 'फावल्या वेळात' मोजता येणारा काळ आहे; 'वेळेवर' या शब्दात नेमका क्षण आहे. संस्कृत 'वेला' स्त्रीलिंगी असून तिचा एक अर्थ मर्यादा, किनारा असा आहे. ओलांडली की परत न मिळणारी रेषा या स्त्रीलिंगी रूपात अजून शिल्लक आहे. 'टाइम' मात्र मराठीत आला तो केवळ पुल्लिंगी होऊन. वेळ झाली काय आणि वेळ झाला काय, दोहोंसाठी 'टाइम झाला' एवढेच उरले.

या भेदाची किंमत किती, हे पवनी तालुक्यातील एका धानउत्पादकाच्या घरी दिसले. मुलगा नागपूरजवळच्या कारखान्यात कामाला. आषाढात पाऊस रेंगाळला, मग एकदाचा पडला. बांध्यांत चिखलणी झाली, पऱ्हे लावणीस आले. म्हाताऱ्याने दूरध्वनीवर सांगितले, "रोवनीले टाइम झाला गा." बापाला म्हणायचे होते, रोवणीची वेळ झाली, ये. मुलाने ऐकले ते असे, की पावसामुळे रोवणीला वेळ झाला, म्हणजे ती लांबली. कारखान्यात ओव्हरटाइम चालू होता. तेथे टाइम तासांनी मोजला जातो आणि त्याचे दाम मिळतात. त्याने ओव्हरटाइम पुरा केला आणि नऊ दिवसांनी तो गावी आला.

तोवर मजूर इतरांच्या बांध्यांत गुंतले होते. पऱ्हे महिन्यापलीकडचे झाले होते. असे जून रोप लावले तरी फुटवे कमी येतात आणि उत्पन्न घटते, हे त्या घरात कोणी कोणास सांगण्याची आवश्यकता नव्हती. रोवणी झाली, पण मनाजोगी नाही.

यात दोष शब्दाचा, असे म्हणणे अन्यायाचे होईल. भाषा परके शब्द घेते आणि त्यांना आपले करते. 'टाइम'ही तसाच आपला झाला आहे. तथापि घेताना काय सुटले, याची नोंद ठेवणे हे भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे. मोजावयाचा काळ आणि साधावयाची वेळ यांतील भेद शेतकऱ्याच्या अनुभवात आजही आहे. केवळ त्याच्या रोजच्या उच्चारातून तो पुसट होत चालला आहे.

पुसट होत आहे, पुसला गेलेला नाही. सुगीत खळ्यावर धानाचा ढीग मागल्या सालापेक्षा लहान दिसला. मुलगा खाली मान घालून उभा होता. बाप त्याच्यावर रागावला नाही. ढिगाकडे पाहत तो एवढेच म्हणाला, की वेळ गेली. तेव्हा त्याच्या तोंडी 'टाइम' नव्हता. जुनाच शब्द होता, आणि तो स्त्रीलिंगी होता.