कट मारण्याआधी

एडिटिंगला बसलं की हात आपोआप कटकडे वळतो. शॉट जरा लांबला की दिग्दर्शकाची चुळबुळ सुरू होते आणि आपण एखादा रिअ‍ॅक्शनचा क्लोजअप टाकून मोकळे होतो. ही सवय मोडावी म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी मूकपटांतला विनोदी नट-दिग्दर्शक बस्टर कीटन दाखवतो.

कीटन आईवडिलांबरोबर व्हॉडव्हिलच्या, म्हणजे विविध करमणुकीच्या कार्यक्रमांच्या, रंगमंचावर पडत-आपटत वाढला. १९१७ साली न्यूयॉर्कमध्ये विनोदी नट रॉस्को आर्बकलमुळे तो सिनेमात आला आणि आधी त्याने कॅमेरा उघडून आतली रचना समजून घेतली. कटची ताकद तो पुरेपूर ओळखून होता. ‘शेरलॉक ज्युनियर’मध्ये (१९२४) स्वप्नातला नायक पडद्यात शिरतो आणि त्याच्याभोवतीची जागा कटागणिक बदलत जाते. समुद्रात सूर मारतो, तो थेट बर्फात जाऊन रुततो! हे जुळावं म्हणून कॅमेऱ्यापासूनचं त्याचं अंतर दर वेळी मोजून घेतलं होतं.

एवढी कात्री चालवू शकणारा हा माणूस मोक्याच्या क्षणी मात्र तिला हात लावत नाही. क्लाइड ब्रकमनसोबत दिग्दर्शित केलेल्या ‘द जनरल’मध्ये (१९२६) तो चालत्या इंजिनाच्या पुढच्या जाळीवर बसलाय, कवेत रेल्वेचा जडशीळ स्लीपर. समोर रुळावर दुसरा स्लीपर आडवा पडलेला. इंजिन जवळ येतं, कीटन हातातला स्लीपर त्याच्या टोकावर नेमका आपटतो आणि दोन्ही उडून बाजूला पडतात. माणूस, इंजिन, रूळ आणि धोका, सगळं एकाच चौकटीत. इथे मध्ये स्लीपरचा क्लोजअप टाकला असता, तर प्रेक्षकाचा श्वास रोखला गेला नसता.

‘स्टीमबोट बिल ज्युनियर’मध्ये (१९२८) घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्या अंगावर कोसळते. वरच्या उघड्या खिडकीच्या जागी तो उभा असतो, म्हणून वाचतो. आजूबाजूला मोकळीक जेमतेम काही इंचांची. लाँग शॉट आहे, म्हणूनच आपला विश्वास बसतो.

खर्चिक ‘द जनरल’ तेव्हा चालला नाही. १९२८ साली कीटन एमजीएम स्टुडिओकडे करारावर गेला आणि हळूहळू चित्रपटावरचा ताबा त्याच्या हातून सुटला. पटकथा, वेळापत्रक, सगळं दुसरे ठरवू लागले. नट तोच होता, पण शॉट कुठे लावायचा आणि किती वेळ चालू ठेवायचा, हे त्याच्याकडे उरलं नाही. त्यानंतरच्या त्याच्या बोलपटांत ती जादू नाही, याचं माझ्या मते हेच कारण.

आज सॉफ्टवेअरमुळे कट फुकट झालाय. म्हणूनच नव्या संकलकांना माझी कळकळीची विनंती आहे: कट मारण्याआधी तो शॉट एकदा पूर्ण, शेवटपर्यंत बघा. नटाने जे खरोखर करून दाखवलंय, ते प्रेक्षकापर्यंत अखंड पोचवणं हेही आपलंच काम आहे.